उस्मानाबादी कळप उभा करताना: अर्जापासून दुसऱ्या पिढीच्या बोकडापर्यंत

शेळीपालनाच्या प्रशिक्षणात शेड कसं बांधायचं, जागा किती लागते, नफा किती सुटतो हे सगळं सांगतात. स्वतःच्याच कळपातून पुढच्या पिढीची माय आणि बाप कसे निवडायचे, यावर अर्ध्या तासाचं एक व्याख्यान होतं. त्यातलं निम्मं जेवणाच्या सुट्टीत गेलं. दहा शेळ्या आणि एक बोकड इथपासून दुसरी पिढी वजनकाट्यावर चढेपर्यंत डिसेंबर २०२१ ते जून २०२५ एवढा काळ लागला. ते सगळं क्रमाने लिहितो. कळप सोलापूर जिल्ह्यात आहे, जमीन कोरडवाहू, दोन हेक्टरच्या आतली.

महाराष्ट्राच्या नोंदणीकृत शेळ्या चार: उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी आणि कोकण कन्याळ. आमचा पट्टा उस्मानाबादीचाच. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं तरी जातीचं नाव तेच राहिलं आहे. ही शेळी मटणासाठी धरली जाते आणि दुधाला दुय्यम मानतात. पण करडाचं तीन महिन्यांचं वजन म्हणजे आईच्या दुधाचाच हिशोब असतो. हे आम्हाला उशिरा कळलं. तुम्हाला आधीच सांगून ठेवतो.

अर्ज आणि वाट पाहणे (डिसेंबर २०२१ ते नोव्हेंबर २०२२)

पशुसंवर्धन विभागाच्या दहा शेळ्या व एक बोकड योजनेत ऑनलाइन अर्ज केला. उस्मानाबादी किंवा संगमनेरीसाठी गटाची किंमत १,०३,५४५ रुपये धरलेली होती: शेळी ८,००० प्रमाणे ८०,०००, बोकड १०,००० आणि विमा १३,५४५. सर्वसाधारण गटाला ५० टक्के अनुदान, अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के. आमचा हिस्सा ५१,७७३ रुपये झाला. अर्जाच्या वेळी कागद लागत नाहीत, निवड झाल्यावर लागतात. आणि मग मुदत थोडी असते. सातबारा, आठ अ, आधार, रेशन कार्ड, पासबुक, अपत्यांचं स्वयंघोषणापत्र हे सगळं अर्ज केल्याच्याच आठवड्यात स्कॅन करून ठेवा. मोबाइल नंबर बदलू नका. निवडीचा मेसेज त्याच नंबरवर येतो आणि पुन्हा कुणी फोन करत नाही.

आमचा मेसेज मार्च २०२२ मध्ये आला. कागद तपासणी, हिस्सा भरणं, बंधपत्र यात पावसाळा उजाडला. सप्टेंबरात लम्पी आली. लम्पी गाई-बैलांचा आजार, शेळीला होत नाही; पण जनावरांचे बाजार बंद झाले आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातले सगळे लोक लसीकरणावर गेले. खरेदी नोव्हेंबरात झाली. या उशिराचा एक फायदा झाला. पावसाळ्यात आणलेली जनावरं आजार घेऊन येतात, आमची कोरड्या हवेत आली.

शेडबद्दल फार लिहीत नाही. शेळीला छपराखाली दहा-बारा चौरस फूट आणि त्याच्या दुप्पट मोकळं आवार, मुरमाची उंच जमीन, पूर्व-पश्चिम लांबी. पैसे शेडमध्ये घालू नका, चाऱ्यात घाला. बांधावर शेवरी आणि सुबाभूळ, सात गुंठ्यांत मेथी घास आणि दशरथ घास, शिवाय तूर-हरभऱ्याचं भुसकट. तीस किलोच्या शेळीला रोज तीन-चार किलो ओला चारा, किलोभर सुका चारा, दोनशे ग्रॅम खुराक आणि दहा ग्रॅम खनिज मिश्रण, एवढं सांभाळलं.

खरेदी

योजनेच्या खरेदी समितीबरोबर गेलो तरी शेळी निवडायला तुमचेच डोळे लागतात. आधी दात. दुधाचे दात असतील ती आदत, म्हणजे साधारण सव्वा वर्षाच्या आतली. दोन दाती, म्हणजे दोन कायमचे दात आलेली, दीड वर्षाच्या आसपास, चार दाती दोनच्या, सहा दाती तीनच्या, जुळलेली, म्हणजे आठही दात आलेली, चारच्या पुढची. आम्ही दोन आणि चार दातीच घेतल्या. एक वेत झालेली चार दाती शेळी सगळ्यांत चांगली, कारण तिने आपली कास दाखवलेली असते. ही कास बाजारात फसवते. आदल्या दिवसापासून दूध काढलेलं नसतं, त्यामुळे ती तुंबलेली आणि भरदार दिसते. दोन्ही सडांतून धार काढून बघा. दूध काढल्यावर मऊ पडली ती कास खरी. कडकच राहिली तर आत गाठ किंवा जुना कासदाह असतो. जादा सड असलेली शेळी सोडून द्या, तो दोष पोरींत उतरतो.

नुसता काळा रंग बघू नका. उस्मानाबादी बहुतेक काळीच असते, पण पांढऱ्या ठिपक्याच्या कानांची, तपकिरी, बांडीही असते. उलट पंजाबची बीटल जातही काळी असते. नाकाचं हाड फुगीर, कान फार लांब आणि वळलेले दिसले तर बीटलचं रक्त आहे. सिरोही, बीटल, बोअर यांचे बोकड गेल्या काही वर्षांत इतके फिरलेत की काळी दिसली म्हणजे उस्मानाबादी, हा हिशोब राहिलेला नाही. आपली उंच पायांची, अंगाने सडपातळ, मध्यम लांब लोंबत्या कानांची असते आणि पूर्ण वाढलेली शेळी बत्तीस किलोच्या आसपास भरते. पंचेचाळीस किलोची ‘अस्सल उस्मानाबादी’ कुणी दाखवली तर आईबाप विचारा.

शिंगांची गोष्ट कुणी सांगत नाही. उस्मानाबादीत बोडक्या, म्हणजे बिनशिंगी शेळ्या पुष्कळ असतात. बोडकी शेळी आणि बोडका बोकड एकत्र आले तर काही मादी करडं द्विलिंगी निघतात. दिसायला धड पाठ (मादी करडू) नाही, धड बोकड नाही, आणि कायमची वांझ. बिनशिंगी असण्याची आणि या दोषाची जनुकं एकाच ठिकाणी आहेत. आमच्या दहांपैकी चार शेळ्या बोडक्या होत्या, म्हणून बोकड शिंगाळाच हवा होता.

बोकड आम्ही पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या तुळजापूरजवळच्या तीर्थ प्रक्षेत्रावरून आणला. तिथे विक्री वजनावर होते, आधी नाव नोंदवावं लागतं. बाजारापेक्षा तिथला फायदा असा की बोकड जुळ्यातला आहे का आणि आई कोणती, हे कागदावर असतं. ३१ किलो, चार दाती, दोन्ही वृषणं सारखी आणि घट्ट, टेपने घेर २३ सेंमी. योजनेतल्या दहा हजारांवर साडेतीन हजार पदरचे गेले. त्या वेळी ते जड वाटले. पण पुढच्या प्रत्येक करडात अर्धं रक्त त्याचंच असतं. एक शेळी कमी घेऊन ते पैसे बोकडावर घालता आले असते तर तेही केलं असतं.

सगळ्यांच्या कानात पिवळा बारा अंकी बिल्ला, बिल्ला दिसेल असा फोटो, डॉक्टरांचं आरोग्य प्रमाणपत्र, मग विमा. आमच्या पॉलिसीत पहिले पंधरा दिवस आजाराने मेलेल्या जनावराची भरपाई नव्हती.

घरी आणल्यावर अकरा जनावरं एकवीस दिवस वेगळी ठेवली. घरी आधीच्या दोन शेळ्या होत्या, त्यांच्यापासून लांब. या तीन आठवड्यांत लेंडी तपासणी आणि ब्रुसेल्लासाठी, म्हणजे गाभ टाकायला लावणाऱ्या आजारासाठी, रक्त दिलं. ब्रुसेल्ला माणसालाही होतो, गाभ टाकलेल्या शेळीची वार उघड्या हाताने उचलायची नाही. आमचे नमुने साफ आले. नंतर पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या एका जीवघेण्या साथरोगाची लस. ही तीन वर्षं पुरते, म्हणून तारीख लिहून ठेवली नाही तर हमखास विसरते.

पहिलं वेत: बाप माहीत नसलेली करडं (जानेवारी-फेब्रुवारी २०२३)

दहांपैकी सात शेळ्या गाभण आल्या होत्या. अकरा करडं झाली. घरात आनंद होता, पण पैदाशीच्या नोंदवहीच्या दृष्टीने ही करडं बिनबापाची. पैदाशीसाठी यातलं एकही ठेवायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. या वेताचा उपयोग आयांची परीक्षा घ्यायला करायचा होता.

शेळी गाभण राहते सरासरी १५० दिवस. व्यायच्या आधीचा दीड महिना खुराक तीनशे ग्रॅमवर नेला, कारण करडाची पोटातली वाढ बहुतेक तेव्हाच होते. व्याल्यावर नाळ पोटापासून दोन-तीन इंचांवर दोऱ्याने बांधून कापायची आणि टिंचर आयोडीनमध्ये बुडवायची, नुसतं लावून भागत नाही. तासाभराच्या आत चीक. वजन चोवीस तासांच्या आत.

एक वेत अडलं. पाणमोट फुटून तास झाला तरी काही पुढे सरकेना. हात साबणाने धुऊन, नखं कापून, दोन बोटं घातली तर एक खूर आणि नाक लागलं. दुसरा पाय मागे दुमडलेला. अशा वेळी दिसतो तो पाय ओढला की खांदा अडकतो. कळ ओसरली की डोकं तळहाताने हलकेच आत ढकलायचं, दुमडलेल्या पायाचं खूर मुठीत झाकून घ्यायचं म्हणजे पिशवी फाटत नाही, आणि ते पुढे आणायचं. मग दोन्ही पाय आणि नाक एका रांगेत आले की पुढच्या कळेबरोबर खाली, कासेच्या दिशेने ओढ. सरळ मागे ओढायचं नाही. वीस मिनिटांत काहीच बदललं नसतं तर डॉक्टरांना बोलावायचंच होतं. ते फोनवर होतेच. करडू निळसर होतं, नाकातला चिकटा पुसून गवताची काडी नाकपुडीत फिरवली तेव्हा शिंकलं.

दूध मोजणं

उस्मानाबादीचं दूध मोजायचं म्हटल्यावर लोक हसतात. पद्धत सोपी आहे, फक्त पहाट लागते. संध्याकाळी सातला करडं वेगळी करायची, सडातलं सगळं दूध काढून टाकायचं. सकाळी सातला प्रत्येक करडू दहा ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर वजन करून आईला लावायचं, पोट भरलं की लगेच पुन्हा वजन. दोन वजनांतला फरक म्हणजे प्यालेलं दूध. कासेत उरलेलं पिळून मोजायचं. बेरीज गुणिले दोन म्हणजे दिवसाचं दूध. पिताना करडू मुतलं की सगळा हिशोब बिघडतो, म्हणून सोडण्याआधी पाच मिनिटं त्याला उभं करून ठेवायचं. बहुतेक तेवढ्यात उरकून घेतात. पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

तिसाव्या दिवसाचे दोन आकडे देतो. सहा नंबर: लहानखुरी, एका कानावर पांढरे ठिपके, खरेदीत कुणाच्या नजरेत न भरलेली. जुळ्यांनी मिळून ५४० ग्रॅम प्यालं, उरलेलं १३० निघालं. दिवसाचं १.३४ किलो. तीन नंबर: उंच, काळीभोर, सगळ्यांनी हिलाच नावाजलेलं. एकच करडू, ३१० आणि ४०. दिवसाचं ७०० ग्रॅम.

घरी दूध वापरणार असाल तर बोकड धारेच्या जागेपासून लांब बांधा. शेळीच्या दुधाला येणारा उग्र वास बराचसा बोकडाच्या सान्निध्याचा आणि न धुतलेल्या कासेचा असतो. गाळून लगेच गार केलेल्या दुधाला तो जवळजवळ नसतो.

एप्रिलमध्ये एक करडू गेलं. सगळ्यांत जोमाने वाढणारं. संध्याकाळी खेळत होतं, सकाळी मान मागे टाकून पडलेलं. आंत्रविषार. पोटात जास्त दूध किंवा दाणा गेला की आतल्या जिवाणूंचं विष वाढतं, त्यामुळे हा आजार आधी धष्टपुष्ट करडालाच नेतो. पहिल्यांदा लस देताना दोन डोस लागतात. पहिला दिला होता, तीन आठवड्यांनी द्यायचा बूस्टर लग्नसराईत राहिला. आता कॅलेंडरवर दोन्ही तारखा एकदमच लिहितो.

जंताचं औषध सगळ्यांना नको (पावसाळा २०२३)

पाऊस पडला की लोक पूर्ण कळपाला जंताचं औषध पाजतात. आम्ही दर पंधरा दिवसांनी प्रत्येक शेळीची खालची पापणी उलटवून आतला रंग बघितला. रक्त पिणारा गोल जंत वाढला की लाल रंग गुलाबी आणि मग पांढरा पडतो. याचा पाच पायऱ्यांचा फामाचा नावाचा रंगतक्ता आहे, दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला. उजेडात, उन्हात उभं राहून बघायचं, ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. फिकट दिसली तिचीच लेंडी दवाखान्यात तपासून तिलाच औषध. पूर्ण पावसाळ्यात दोन शेळ्यांना तीन-तीनदा द्यावं लागलं, पाच शेळ्यांना एकदाही नाही. हे वहीत लाल पेनाने आहे. सरसकट औषध दिलं असतं तर कोणती शेळी अंगच्या बळावर उभी आहे ते कधीच कळलं नसतं, शिवाय जंत औषधाला सरावतात ते वेगळंच. एक सावधानी: फिकटपणा यकृतातल्या पर्णकृमींनीही येतो, तळ्याकाठी चरणाऱ्या कळपात नुसत्या पापणीवर विसंबू नका.

ऑगस्टमध्ये त्या दोनांपैकी एक शेळी न्यूमोनियाने मेली. विम्यासाठी त्याच दिवशी कंपनीला फोन आणि मेल, डॉक्टरांकडून शवविच्छेदन, पंचनामा, कानात बिल्ला दिसेल असे फोटो, आणि शेवटी बिल्ल्यासकट कानाचा तुकडा. बिल्ला नाही तर दावा नाही, हे अक्षरशः खरं आहे. पैसे चार महिन्यांनी आले. दुसऱ्या एका शेळीचा बिल्ला बोरीच्या काट्यांत ओरबाडून गेला होता. नवीन मारून घेतला आणि नव्या नंबरचं पत्र कंपनीला देऊन पोच घेतली. ती पोच जपा.

नोंदीतलं पहिलं वेत (नोव्हेंबर २०२३)

बोकड मेच्या शेवटी सोडला, म्हणजे व्यायचं ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. पावसात करडं नकोत आणि थंडीत चारा हवा, असा हिशोब. त्याआधी तीन आठवडे शेळ्यांना रोज दोनशे ग्रॅम भरड जादा दिली. जुळ्यांचं प्रमाण त्याने वाढतं. माज दर एकवीस दिवसांनी येतो आणि दीड दिवस टिकतो. बोकड दिवसभर कळपात ठेवला तर कोणती कधी फळली ते कळत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ तासभर, हातात वही. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी एकदा आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा.

दोन वर्षांत तीन वेतं घ्या असा सल्ला सर्रास मिळतो. कोरडवाहूवर आम्ही ते केलं नाही. त्यातलं एक वेत बरोबर जुलै-ऑगस्टच्या चिखलात पडतं.

नऊ शेळ्यांपैकी आठ व्याल्या: पाच जुळी, तीन एकेरी, तेरा करडं. दोन गेली, अकरा उरली, सहा पाठी आणि पाच बोकड. प्रत्येकाला आईचा नंबर आणि पुढे आकडा: ६-१, ६-२.

आता निवड. सगळी करडं एकाच दिवशी व्यालेली नसतात, म्हणून वजन नव्वद दिवसांवर आणावं लागतं: आजच्या वजनातून जन्मवजन वजा, भागिले वय, गुणिले नव्वद, अधिक जन्मवजन. सहा नंबरचा बोकड ९७ व्या दिवशी १०.१ किलो, जन्माचा २.२, म्हणजे ९.५. त्याची बहीण ८.७. तीन नंबरचा एकुलता ८८ व्या दिवशी ११.६, जन्माचा २.९, म्हणजे ११.८. कळपात उभे केले तर कुणीही तीन नंबरचा उचलील, आणि गावोगाव तेच होतं. एकुलतं करडू पोटात एकटं वाढतं, सगळं दूध एकटं पितं, म्हणून मोठं दिसतं. त्याला बोकड म्हणून ठेवला की आपण नकळत एकेकच व्यायची सवय आणि कमी दूध निवडत जातो. शेळीमागे बेरीज केली तर सहा नंबरने १८.२ किलो करडू दिलं, तीन नंबरने ११.८. जुळ्यांची तुलना जुळ्यांशी, एकेऱ्यांची एकेऱ्यांशी, आणि शेळीची किंमत तिच्या पायाशी उभ्या असलेल्या एकूण किलोंवर.

सहांपैकी तीन पाठी ठेवल्या, पाच बोकडांतून ६-१. आईला पावसाळ्यात किती वेळा औषध लागलं, तो लाल पेनाचा रकानाही बघितला. त्यावरून चांगल्या वजनाची एक पाठ सोडून दिली. जिवावर आलं होतं.

उरलेल्या चार बोकडांचं खच्चीकरण डॉक्टरांकडून बर्डिझो चिमट्याने, म्हणजे कातडी न कापता नस बाहेरून दाबून. अडीच महिन्यांत करा म्हणतात, आम्ही नव्वद दिवसांच्या वजनापर्यंत थांबलो, नाहीतर निवडीआधीच दार बंद. ऑक्टोबर २०२४ मध्ये, अकराव्या महिन्यात, ते २४ ते २७ किलोंचे झाले. रात्रभर फक्त पाण्यावर ठेवलेला २५.५ किलोचा एक, १२ किलो मटण पडलं, ४७ टक्के. वास नाही, मूत्रपिंडाभोवती पांढरी चरबी. न खच्ची केलेला जरा जास्त वाढतो, पण सात-आठ महिन्यांनंतर मटणाला त्याचा वास लागतो. बकरी ईदच्या गिऱ्हाइकाला देखणा, शिंग न मोडलेला बोकड हवा असतो, तो हिशोब वेगळा. मटण चांगलं हवं तर कापण्याच्या दिवशी जनावर टेम्पोत धक्के खात नेऊ नका. घाबरलेल्या जनावराच्या स्नायूतली साखर संपते आणि मटण काळपट, चिवट होतं; आणि कापल्या कापल्या फ्रीझरमध्ये टाकलं तर आखडून आणखी वातड. आम्हाला जिवंत वजनावर किलोला ४२० मिळाले.

बोकड बदलणं आणि दुसरी पिढी (ऑगस्ट २०२४ ते जून २०२५)

पाठी सहा-सात महिन्यांतच माजावर येतात. बापाने पोरी फळवल्या तर करडांत २५ टक्के अंतःप्रजनन, सावत्र भावाने फळवल्या तर साडेबारा. म्हणून तीन पाठी मेपासून वेगळ्या आवारात. ६-१ चौथ्या महिन्यापासूनच वेगळा होता. बोकड करडं आपल्या अंदाजापेक्षा लवकर उद्योगाला लागतात. जुन्या बोकडाने मे-जूनमध्ये शेळ्या फळवल्या आणि ऑगस्टमध्ये चाळीस किलोमीटरवरच्या एका पशुपालकाच्या बोकडाशी अदलाबदल केली. दोघांनीही पैसे दिले नाहीत. कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री १ जून २०२४ पासून राज्यात बंद आहे, त्यामुळे दोन्हीकडच्या दवाखान्यात ऑनलाइन मालकी बदलून घेतली. आधारची प्रत आणि मोबाइलवरचा ओटीपी, दोन चकरा. आलेला बोकडही शिंगाळा आणि तोही एकवीस दिवस वेगळा.

पाठी बावीस किलोंच्या वर गेल्यावरच, ऑक्टोबरात, अकराव्या महिन्यात लावल्या. एक अठरा किलोंवर अडली होती, तिला पुढच्या हंगामापर्यंत थांबवली. मार्च २०२५ मध्ये दोघी व्याल्या. ६-२ ला पहिल्याच वेताला जुळी, दुसरीला एकुलता बोकड. नवीन पाठीला दूध बेताचंच असतं. ६-२ चं तिसाव्या दिवसाचं ९८० ग्रॅम भरलं.

जूनमध्ये नव्वद दिवसांची वजनं झाली आणि पैदाशीचा बोकड विचारत दोन गिऱ्हाइकं आली. आम्ही पुढे केलेली वही पहिल्याने उघडलीच नाही. “पावणं, वजन डोळ्याला दिसतंय की,” म्हणाला आणि १२ किलोचा एकुलता ठरवून गेला. दुसऱ्याने ६-२ च्या जुळ्यातला ९.३ किलोचा बघितला, खाली बसून आईची कास हाताने चाचपली, मग आजीला कुठे बांधलंय ते विचारलं. वहीच्या दोन पानांची झेरॉक्स घेऊन गेला. बोकड सप्टेंबरात न्यायचा ठरला आहे. तोपर्यंत त्याची पीपीआर, आंत्रविषाराचे दोन डोस आणि सहा महिन्यांचं वजन आमच्याकडे.